चेरी श्रिम्प घरी आणून नऊ महिने झाले: माझा अनुभव

दिवाळीनंतरच्या आठवड्यात पुण्यातल्या आमच्या घरी १० चेरी श्रिम्प आले, म्हणजे गोड्या पाण्यातली, टँकमध्ये पाळायची छोटी लाल कोळंबी. पहिल्या १५ दिवसांत त्यातले ७ मेले. आज त्याच टँकमध्ये ७० च्या वर आहेत, पण ते ७ अजून मनातून जात नाहीत. म्हणून जिथे चुकलं तिथूनच सांगते.

दुकानदार म्हणाला होता, "यांना काही लागत नाही, पाणी कुठलंही चालतं." मला वाटलं, आपण पितो ते आरओचं पाणी सगळ्यांत चांगलं. ४० लिटरचा टँक त्याच पाण्याने भरला आणि दोन दिवसांनी श्रिम्प सोडले. दोन्ही गोष्टी त्यांच्या जिवावर बेतल्या. नव्या टँकमध्ये अमोनिया (विष्ठेतून आणि कुजलेल्या खाण्यातून होणारं विष) पचवणारे जिवाणू जम बसवायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात, तेवढं थांबायलाच हवं. आणि आरओच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम नावापुरतंच उरतं. श्रिम्पचं कवच त्याच्याबरोबर वाढत नाही. अंग वाढलं की कात टाकावी लागते, आणि नवं कवच घट्ट व्हायला हीच खनिजं लागतात. ती नसली की कात अर्ध्यात अडकते. मेलेल्यांपैकी तिघांच्या मानेमागे पांढरी गोल रेघ होती, ती त्याचीच खूण.

मग नळाचं का नाही? आमच्या सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी मिसळतं. टीडीएसचं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) पेन बुडवलं तर एक दिवस १२०, दुसऱ्या दिवशी ५८०. आकडा थोडा कमी-जास्त असला तर श्रिम्प सांभाळून घेतात, रोजचा चढउतार त्यांना सोसत नाही. शेवटी आरओच्याच पाण्यात श्रिम्पसाठी मिळणारं खनिजांचं मीठ मिसळायला लागले. 'सॉल्टी श्रिम्प' या जर्मन कंपनीचं 'जीएच/केएच प्लस' वापरते. डबी महाग वाटली, पण लहान टँकला चिमूटभरच लागतं. टीडीएस २०० च्या आसपास आणि जीएच, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा जडपणा, ७ ठेवते. बाष्प होऊन पाणी कमी झालं की भर मात्र साध्या आरओच्या पाण्याची घालायची. उडतं ते पाणी, क्षार टँकमध्येच राहतात.

बाकी सामान थोडंच आहे. स्पंज फिल्टर, लहान एअर पंप, जावा मॉस (पाण्यात वाढणारं शेवाळासारखं झुडूप), आणि रस्त्यावरच्या देशी बदामाची वाळून गळलेली दोन पानं. त्या पानांवर जो बुळबुळीत थर धरतो तो चरण्यात त्यांचा दिवस जातो. वरून खाणं आठवड्यातून तीनदा, तेही उकडलेल्या पालकाचा नखाएवढा तुकडा. मासे ठेवू नका. गप्पीसुद्धा पिल्लं टिपून खातात.

फेब्रुवारीत एकदा अगदी समोर बसून कात टाकताना पाहिलं. मादी मॉसवर आडवी झाली, दोन-तीनदा अंग आखडलं आणि एका झटक्यात मानेमागच्या फटीतून बाहेर निसटली. मागे राहिलं ते मिशांसकट अख्खं, काचेसारखं. ती कात काढून टाकू नका, श्रिम्पच ती खातात. मादी पानाखाली दडली आणि थोड्याच वेळात नर तिच्या शोधात टँकभर सैरावैरा पोहू लागले. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटाखाली पिवळ्या अंड्यांचा घोस होता आणि ती पायांनी त्यांना एकसारखा वारा घालत होती. २६ दिवसांनी पिल्लं दिसली. दोन मिलिमीटरची, पण आईसारखी हुबेहूब. यांच्यात मधे अळीची अवस्था नसते.

माझ्या सासूबाई रत्नागिरीच्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अगं, एवढी करंदी आम्ही मुठीमुठीने निवडायचो." आता सकाळचा चहा त्या टँकसमोर घेतात, हातात भिंग असतं. अंडीवाली मादी मला नाही, आधी त्यांना दिसते.

मार्चमध्ये शेजारच्या मुलाला वाढदिवसाला एक बाटली मिळाली. अरुंद तोंडाची, तळाला रंगीत खडे, एक काडी वनस्पती, पाच निळे श्रिम्प. सोबत कागद: काहीच करावं लागत नाही. महिन्याभरात तीन उरले, तेव्हा त्याची आई बाटली घेऊन आमच्याकडे आली. अशा भेटवस्तूंचा मला मनापासून राग येतो. श्रिम्प लगेच मरत नाहीत, आठवडेच्या आठवडे झिजतात, आणि मुलाला वाटतं आपल्या हातून मेले.

उरलेले तीन माझ्या टँकमध्ये हलवायचे होते. बाटलीतल्या पाण्याचा टीडीएस ४९०, माझ्या टँकचा २१०. एवढा फरक एकदम पडला तर अवेळी कात पडते. शिवाय साचलेल्या पाण्याचा पीएच उतरलेला असतो, तोवर अमोनिया फारसा बाधत नाही. त्यात जास्त पीएचचं पाणी पडलं की तोच विषारी होतो. म्हणून आधी अमोनिया बांधणाऱ्या औषधाचा थेंब टाकला. मग हवेच्या नळीला सैल गाठ मारून माझ्या टँकचं पाणी थेंब थेंब सोडलं, तीन तास. एक दुसऱ्या दिवशी गेला. दोन जगल्या, दोघी माद्या.

त्यांना वेगळा टँक करावा असा सल्ला मिळाला, कारण लाल आणि निळे एकत्र वाढले की पिल्लं मूळ रंगावर जातात. तैवान आणि चीनच्या ओढ्यांत यांचा खरा रंग तपकिरी, थोडा पारदर्शक. लाल-निळे माणसाने निवडून निवडून केलेले. मी एकत्रच ठेवलं. पिल्लं तपकिरीच झाली. त्यांच्या पाठीवरचा बारीक पट्टा आणि ठिपके बघायला लागलात की लालच्या आठवणीने हळहळ वाटत नाही. विकायचे असतील तर मात्र असं करू नका.

एप्रिल-मे मध्ये पाणी ३१ अंशांवर गेलं. टँकच्या काठावर छोटा पंखा लावला, तीन अंशांनी उतरलं. खरी भीती पावसाळ्यात असते. जुलैत डासांसाठी धुराची फवारणी झाली. त्यातलं कीटकनाशक श्रिम्पसाठी जालीम असतं, आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. आवाज ऐकू आला की आधी पंप बंद, मग खिडक्या बंद, टँकवर ओला टॉवेल. तासाभराने सगळं उघडलं. एकही दगावला नाही. घरात डासांची कॉइल आणि लिक्विड मशीन तर आम्ही डिसेंबरपासूनच थांबवलंय, मच्छरदाणी लावतो.

जास्त झालेले श्रिम्प नदीत किंवा ओढ्यात कधीही सोडू नका. जर्मनीत गिलबाख नावाच्या ओढ्यात वीज केंद्राचं कोमट पाणी येतं, तिथे हेच श्रिम्प वस्ती करून बसले आहेत. आपल्याकडचं पाणी तर बारा महिने कोमटच. मी आतापर्यंत तिघांना दिले, प्रत्येकाला आधी महिनाभर रिकामा टँक चालवायला लावून. त्यातला एक टँक शेजारच्या मुलाचा आहे. त्याच्या वहीत गेल्या रविवारी १४ ची नोंद आहे, त्यात पाच तपकिरी.