पाइपलाइनमधले पासवर्ड आता ओपनबाओतून घेतो: आंब्याचा सीझन आणि एक पावसाळा वापरल्यावरचा अनुभव

ओपनबाओ म्हणजे पासवर्ड, की असली सीक्रेट्स सांभाळून ठेवणारा आणि मागणाऱ्याला तपासून देणारा सर्व्हर, आणि पाइपलाइन म्हणजे कोड तपासून डिप्लॉय करणारी, आपोआप चालणारी जॉब्सची साखळी. आधी सेटअप सांगतो म्हणजे पुढचं कळेल. ऑफिस रत्नागिरीत, टीम छोटी, काम म्हणजे हापूस बागायतदारांसाठी पेटी बुकिंगचं अॅप आणि गणपतीपुळे ते मालवण पट्ट्यातल्या होमस्टेवाल्यांचं बुकिंग सॉफ्टवेअर. कोड गिटलॅब डॉट कॉमवर, फ्री प्लॅन, रनर (पाइपलाइनचे जॉब प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) मात्र ऑफिसातल्याच मशीनवर. पेमेंट गेटवेची की, एसएमएसची की, डेटाबेसचा पासवर्ड सगळं आधी सीआय व्हेरिएबल्समध्ये, म्हणजे गिटलॅबच्या सेटिंगमध्ये पाइपलाइनसाठी भरून ठेवलेलं होतं, बहुतेकांचं असतं तसंच.

ते अगदीच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मास्क्ड (लॉगमध्ये झाकलेलं) आणि प्रोटेक्टेड (फक्त राखीव ब्रांचलाच मिळणारं) दोन्ही टिक केलंत तर बरंच निभावतं. पण मास्किंग म्हणजे लॉगमध्ये तीच अक्षरं जशीच्या तशी आली तर झाकायची एवढंच, कुणी ती बेस64 करून, म्हणजे वेगळ्या अक्षरांत बदलून छापली की उघडी पडली. आणि व्हेरिएबल जॉबच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आलं की त्या जॉबमध्ये चालणारी प्रत्येक परकी स्क्रिप्ट ते वाचू शकते. 2021 मध्ये कोडकोव या टेस्ट कव्हरेज सेवेच्या बॅश अपलोडर स्क्रिप्टमध्ये हेच झालं, जानेवारी अखेर ते एप्रिलपर्यंत लोकांच्या सीआयमधली व्हेरिएबल्स गुपचूप बाहेर जात होती. जानेवारी 2023 ला सर्कलसीआय या पाइपलाइन चालवून देणाऱ्या कंपनीने ग्राहकांना ठेवलेली सगळी सीक्रेट्स बदला म्हणून सांगितलं. मार्च 2025 मध्ये गिटहबवरचं टीजे-अॅक्शन्सचं चेंज्ड-फाइल्स, पाइपलाइनमध्ये जोडायची एक तयार स्क्रिप्ट, ते तर रनरच्या मेमरीतून सीक्रेट्स काढून थेट लॉगमध्ये ओतत होतं. तेव्हा आमच्याकडे ठरलं की बस झालं.

ओपनबाओ म्हणजे हॅशिकॉर्प कंपनीच्या व्हॉल्टचाच फोर्क, त्याच कोडवरून निघालेला वेगळा प्रोजेक्ट. 2023 च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्टचं लायसन्स बदललं, मग लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली हा निघाला, जुनं एमपीएल हे ओपन सोर्स लायसन्स तसंच राहिलं. व्हॉल्ट येत असेल तर नवीन शिकायला फारसं काही नाही, कमांड व्हॉल्टऐवजी बाओ टाइप करायची.

आता मुद्द्याचं. पाइपलाइनमध्ये कायमचा पासवर्ड असा कुठेच ठेवावा लागत नाही. डिप्लॉय जॉबमध्ये आयडी टोकन्सचा ब्लॉक टाकला की गिटलॅब त्या जॉबपुरतं एक सही केलेलं जेडब्ल्यूटी (डिजिटल ओळखपत्रासारखं टोकन) देतं, त्यात प्रोजेक्ट कुठला, ब्रांच कुठली, प्रोटेक्टेड आहे का सगळं लिहिलेलं असतं, बाओ गिटलॅबच्या पब्लिक की घेऊन सही तपासतं आणि पटलं तर थोड्या वेळापुरतं टोकन देतं, त्याने सीक्रेट वाचायचं. गिटलॅबमध्ये यासाठी सीक्रेट्स नावाचा तयार कीवर्ड आहे पण तो प्रीमियमला, फ्रीवाल्यांनी स्क्रिप्टमध्ये लॉगिन आणि वाचणं अशा दोन ओळी लिहायच्या, काही अडत नाही. बाओ फक्त बाहेर जाऊन की आणतं, बाहेरून आत यायला पोर्ट उघडावं लागत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. टेस्टच्या जॉबला आयडी टोकनच दिलेलं नाही, त्यामुळे एनपीएमवरून (जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं जिथून येतात तिथून) काहीही भलतंसलतं आलं तरी त्याच्या हाती बाओचं काही लागत नाही. डिप्लॉय जॉबमध्ये परकी स्क्रिप्ट चालवाल तर मात्र बाओ काही वाचवणार नाही हं, तिथे सीक्रेट शेवटी मेमरीत येतंच.

एक गोष्ट ठळक अक्षरात वाचा. बाओमध्ये रोल (कुठल्या टोकनला काय वाचू द्यायचं तो नियम) बनवताना बाउंड क्लेम्स (टोकनमध्ये काय लिहिलेलं असायलाच हवं त्या अटी) नीट घाला. गिटलॅब डॉट कॉमवर टोकनची सही सगळ्या जगाला एकच आहे, आणि ऑडियन्स (टोकन कुणाला दाखवायचं आहे ते नाव) तर कुणीही आपल्या फाइलमध्ये लिहू शकतो. नुसता ऑडियन्स तपासलात तर ज्याला तुमच्या बाओपर्यंत पोचता येतं असा कुठलाही प्रोजेक्ट आत येईल. प्रोजेक्टचा आयडी घाला, नाव नको कारण नाव बदलतं, आणि प्रोटेक्टेड ब्रांचचीच अट घाला. टीटीएल, म्हणजे बाओचं टोकन किती वेळ चालेल तेसुद्धा स्वतः ठरवा, काहीच नाही सांगितलंत तर टोकन 768 तास म्हणजे 32 दिवस जगतं, दोन मिनिटांच्या जॉबला कशाला पाहिजे ते.

बाओचं डेटाबेसवालं इंजिन भारी आहे. दर डिप्लॉयला पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नवा युजर बनतो, लीज (त्याची मुदत) संपली की उडतो. पण मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी स्क्रिप्ट) त्या युजरने चालवलं तर नवीन टेबलांचा मालक तोच होतो, मग लीज संपताना पोस्टग्रेस म्हणतं याच्या नावावर वस्तू आहेत, काढता येत नाही. उपाय असा की युजर बनवायच्या एसक्यूएलमध्येच त्याला अॅपच्या कायमच्या रोलचा मेंबर करायचं आणि लॉगिन झाल्याबरोबर तोच रोल घेईल असं सेट करायचं, म्हणजे टेबलं त्या रोलच्या नावावर जातात.

आता पावसाळा. बाओ रीस्टार्ट झालं की सील्ड (कुलूपबंद) अवस्थेत उठतं, नेहमीच्या सेटअपमध्ये किल्लीच्या पाच तुकड्यांपैकी तीन तुकडे घालेपर्यंत काही देत नाही. हा दोष नाही, डिझाइनच तसं आहे. पण आमच्याकडे जूनमध्ये लाइट किती वेळा जाते ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको, आणि इन्व्हर्टर रात्रभर थोडाच पुरतो. त्यात गणपती. एक तुकडा राजापूरला, एक गुहागरला, एक वेंगुर्ल्याला, सगळे आरतीत. होमस्टेवाल्यांचा रिलीज अडकलेला आणि वेंगुर्ल्याहून मेसेज, "डोंगरार चढान बघतंय रेंज गावता काय." त्यानंतर ऑटो अनसील लावलं, म्हणजे कुलूप आपोआप उघडतं, क्लाउडच्या केएमएसवर (किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेवर). नेट नसेल तर तेही चालत नाही, पण नेट नसताना गिटलॅबचा जॉब तरी कुठे येतोय. त्या केएमएसला जायची चावी मात्र त्याच मशीनवर राहते, कुठेतरी शेवटची चावी असणारच, म्हणून त्या मशीनची खोली आणि डिस्क दोन्ही बंदिस्त ठेवा. आणि केएमएसमधली की डिलीट झाली तर डेटा गेला, ऑटो अनसीलबरोबर मिळणाऱ्या रिकव्हरी कीने तो उघडत नाही.

लाइटीचाच दुसरा भाऊ म्हणजे घड्याळ. जुन्या मशीनचा सीमॉस सेल (लाइट नसताना घड्याळ चालवणारा छोटा सेल) मेलेला असेल तर लाइट आल्यावर वेळ मागची, नेट यायला उशीर म्हणून सिंक नाही, आणि बाओ म्हणतं टोकन अजून लागूच झालेलं नाही. क्रॉनीने (नेटवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने) वेळ जुळवल्यावरच बाओची सर्व्हिस सुरू होईल असं सिस्टमडीत (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) लावून टाका. आणि ऑडिट लॉगची (कुणी काय मागितलं त्या नोंदीची) डिस्क भरू देऊ नका, कुठेच लॉग लिहिता आला नाही तर बाओ विनंत्या घेणंच थांबवतं.

एकाच प्रोजेक्टवर दोघं काम करत असाल तर मी हे लावायला सांगणार नाही. क्लाउडवर डिप्लॉय करत असाल तर क्लाउडचंच ओआयडीसी (असंच टोकन दाखवून थेट क्लाउडमध्ये लॉगिन) वापरा, बाकीचं प्रोटेक्टेड व्हेरिएबलमध्ये ठेवा. सर्व्हर सांभाळणारा एक माणूस असेल तरच बाओ.

डॉकरवाल्यांनी बिल्ड आर्ग्युमेंटमधून सीक्रेट देणं बंद करा, बाओ असो नसो, इमेजच्या हिस्टरीत दिसतं, बिल्डकिटचा सीक्रेट माउंट वापरा. आमचं एकच राहिलंय, अँड्रॉइडची साइनिंग कीस्टोअर, म्हणजे अॅपवर सही करायच्या कीची फाइल. ती फाइल बेस64 करून बाओच्या केव्हीत (साध्या साठवणीत) ठेवलीये, जॉब ती रॅममधल्या फोल्डरमध्ये उतरवतो आणि सही झाली की काढतो. पण ती कायमचीच की आहे, लीजबिज काही नाही, त्यामुळे त्या जॉबला मॅन्युअल अप्रूव्हल ठेवलंय. कुणी याहून बरं काही केलं असेल तर सांगा.