दारपोच डिझेलचा धंदा: ग्राहकाला पोर्टल द्यावं, ॲप द्यावं की व्हॉट्सॲपवर भागवावं?

इंडियन ऑइलने मार्च 2018 मध्ये पुण्यात बाऊजरने, म्हणजे पंप आणि मीटर बसवलेल्या टँकरने, दारपोच डिझेल द्यायला सुरुवात केली. त्यानंतर या धंद्यात उतरलेल्या बऱ्याच जणांचा पहिला बाऊजर फोनवरच चालतो. साइटवरून फोन येतो, वहीत नोंद होते, ड्रायव्हर निघतो आणि संध्याकाळी टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिल पडतं. दुसऱ्या बाऊजरपर्यंतही हे जमतं. तिसरा आला की फोन उचलणारा माणूस कमी पडतो, आणि ग्राहकांचं अकाउंट्स खातं 'तुमचं पोर्टल नाही का?' असं विचारू लागतं. मग सॉफ्टवेअर विकणारे येतात आणि प्रत्येक जण ॲप दाखवतो.

डिझेलवाल्यांचं आणि ग्राहकांचं सॉफ्टवेअर एकमेकांशी जोडून देण्याचं काम मी करतो. ॲप निवडण्याआधी एक गोष्ट बघा, असं माझं प्रत्येकाला सांगणं असतं: तुमच्या एकाच ग्राहकाकडे दोन माणसं आहेत. डिझेल मागवतो तो साइटवरचा सुपरवायझर. जनरेटर बंद पडायच्या आत बाऊजर पोहोचावा, एवढंच त्याला हवं असतं. पैसे देतो तो हेड ऑफिसातला अकाउंटंट. त्याला चलन, मीटरचं रीडिंग, त्या दिवसाचा दर आणि पीओ (खरेदी आदेश) क्रमांक एका जागी हवे असतात. सुपरवायझर पोर्टल उघडत नाही आणि अकाउंटंट ॲप उतरवून घेत नाही. पुढचे चारही पर्याय या दोघांपैकी कोणाचं काम करतात, त्यावरूनच तोलायचे.

रोजची एक्सेल फाइल

हा सर्वांत स्वस्त मार्ग. रात्री तुमच्या सॉफ्टवेअरमधून दिवसभराची चलनं एका फाइलमध्ये निघतात आणि ग्राहकाच्या पोर्टलवर चढतात. पाच-सहा मोठे ग्राहक आणि महिन्याचं एकत्र बिल असेल, तर याहून जास्त काही लागत नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो. अकाउंटंटचं काम नीट होतं.

अडतं ते उधारीच्या मर्यादेपाशी. ग्राहकाने सकाळी 11 वाजता आरटीजीएस केलं आणि दुपारी 3 वाजता ऑर्डर टाकली, तर तुमच्या यादीत तो अजून थकबाकीदारच असतो, कारण फाइल कालची आहे. पैसे भरूनही बाऊजर अडवला की ग्राहक ते विसरत नाही. उधारीवर माल देणाऱ्याने ऑर्डर घेण्यासाठी हा मार्ग वापरू नये. बिलं दाखवायला तो पुरेसा आहे.

सॉफ्टवेअर कंपनीचंच तयार पोर्टल

डिस्पॅचचं, म्हणजे बाऊजर पाठवण्याचं, सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलं, त्यांचंच ग्राहक-पोर्टल आणि ॲप बहुधा जोडीला मिळतं. यात ऑर्डर, बाऊजरची फेरी आणि चलन एकाच डेटाबेसमध्ये राहतात, त्यामुळे जोडणीचं अर्धं दुखणं सुरूच होत नाही. दोन ते दहा बाऊजरच्या धंद्याला मी आधी हाच पर्याय सुचवतो.

दाखवायला आलेल्या माणसाला मात्र नेमकं विचारा: टॅलीशी जोडलंय का, आणि कसं? टॅली बहुतेक ठिकाणी ऑफिसातल्या संगणकावर चालतं. बाहेरच्या सॉफ्टवेअरशी ते एक्सएमएल या ठरावीक मजकूर-रूपातून बोलतं, साधारणपणे 9000 क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या ठरलेल्या दारातून. संगणक बंद असेल किंवा टॅली उघडलेलंच नसेल, तर पलीकडे उत्तर द्यायला कोणी नसतं. एका ठिकाणी शनिवारी दुपारी ऑफिसला कुलूप लागायचं आणि सोमवार सकाळपर्यंत पोर्टलवर शनिवारचीच थकबाकी दिसायची. रविवारी रात्रपाळीच्या साइटने टाकलेल्या ऑर्डरी आपोआप नाकारल्या जायच्या. आम्ही टॅलीच्या संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम बसवला. तो दर काही मिनिटांनी खात्यांची बाकी वर पाठवतो, आणि पोर्टलवर बाकीच्या शेजारी 'शेवटची नोंद किती वाजताची' हे दिसतं. संगणक सुट्टीतही चालू ठेवावा लागतो, एवढाच त्याचा जाच. ते पोर्ट थेट इंटरनेटवर उघडं ठेवायचा सोपा उपाय कोणी सुचवला, तर त्याला तिथेच थांबवा. तुमची सगळी खातेवही रस्त्यावर मांडल्यासारखं होईल.

तयार पोर्टलचा दुसरा प्रश्न म्हणजे बाहेर पडणं. उद्या सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं तर ग्राहक, साइट, टाक्यांची क्षमता आणि जुनी चलनं कोणत्या रूपात परत मिळतील, हे करारात लिहून घ्या.

स्वतःचं ॲप, एपीआयवर

एपीआय म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी थेट बोलायची वाट. स्वतःच्या नावाचं ॲप असावं ही इच्छा मला समजते, पण खर्च फक्त बनवण्याचा नसतो. गूगलच्या दुकानात नोंदणी 25 डॉलर एकदाच आणि ॲपलकडे 99 डॉलर दरवर्षी, ही रक्कम किरकोळ आहे. खरा खर्च पुढे येतो. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की ॲप ठरावीक मुदतीत तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर गूगल अपडेट स्वीकारत नाही. म्हणजे दरवर्षी कोणीतरी प्रोग्रॅमर हाताशी हवाच.

तांत्रिक बाजूने यात सर्वांत जास्त त्रास नेटवर्कचा. जनरेटरची खोली बऱ्याचदा तळघरात असते, खाणीवर किंवा रस्त्याच्या कामावर टॉवर लांब असतो. सुपरवायझर 'ऑर्डर करा' दाबतो, चक्र फिरत राहतं, तो पुन्हा दाबतो. एका टाकीसाठी दोन बाऊजर निघतात. उपाय जुना आहे आणि खात्रीचाही: ऑर्डरला क्रमांक ॲपनेच फोनवर द्यायचा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी ऑर्डर न करता पहिलीच परत दाखवायची. ॲप बनवणाऱ्याला हा एक प्रश्न विचारून बघा. तो गडबडला, तर काम त्याला देऊ नका.

ड्रायव्हरच्या ॲपचंही तसंच. ओटीपी घेतल्याशिवाय नोझल सुरू होणार नाही अशी सोय कागदावर छान दिसते, पण तळघरात ओटीपी येतच नाही. आधी मिळालेल्या ओटीपीची पडताळणी फोनवरच, नेटवर्कशिवाय झाली पाहिजे. शिवाय डिझेल सोडताना नोझलजवळ साधा मोबाइल हाताळायचा नसतो. तेव्हा सही, फोटो, ओटीपी हे सगळं केबिनमध्ये किंवा भरणं थांबल्यावर व्हावं, असाच ॲपमधला क्रम हवा. बाऊजरला मान्यता देणाऱ्या पेसोचं (केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्था) मुख्यालय नागपूरला आहे, पण पुण्यात ॲप बनवणाऱ्यांपैकी ज्यांनी पेसोचं नाव ऐकलंय असे मला फार थोडे भेटले.

मग एपीआय लागते कोणाला? मोठ्या कारखान्यांना आणि बांधकाम कंपन्यांना. त्यांच्याकडे सॅपसारखी स्वतःची प्रणाली असते आणि त्यांना तुमचं ॲप नको असतं, चलन थेट त्यांच्या प्रणालीत उतरायला हवं असतं. डिलिव्हरी पूर्ण होताच तुमच्या सॉफ्टवेअरने आपणहून त्यांना कळवायचं, याला वेबहूक म्हणतात. असे दोन ग्राहक जरी मिळाले, तरी एपीआयचा खर्च वसूल होतो. सुंदर ॲपवर घातलेल्या पैशांबद्दल मी असं म्हणणार नाही.

व्हॉट्सॲप

याला कमी लेखू नका. सुपरवायझर आधीपासून तिथेच आहे, त्याला काही शिकवावं लागत नाही. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक एपीआयवर साइट निवडा, लिटर सांगा, वेळ सांगा, एवढी ऑर्डर तीन संदेशांत होते आणि चलनाची पीडीएफ त्याच धाग्यात परत जाते. नियम दोन लक्षात ठेवायचे. ग्राहकाचा शेवटचा संदेश येऊन 24 तास उलटले की तुम्ही फक्त आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातलाच मजकूर पाठवू शकता. आणि जुलै 2025 पासून आकारणी संदेशागणिक होते, त्यामुळे 'बाऊजर निघाला, बाऊजर पोहोचला, भरणं सुरू झालं' असे दहा संदेश पाठवण्याआधी हिशेब करा. एसएमएसचा मार्ग धरलात तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेवर नाव आणि मजकुराचे साचे नोंदवावे लागतात. त्यासाठी वेळ हाताशी ठेवा.

व्हॉट्सॲपचा कमकुवतपणा उघड आहे. अकाउंटंटला तीन महिन्यांपूर्वीचं चलन त्या धाग्यात सापडत नाही. म्हणून ऑर्डरला व्हॉट्सॲप आणि बिलांना तयार पोर्टल, ही जोडी मला लहान-मध्यम धंद्यासाठी सर्वांत सरस वाटते. एकट्या ॲपपेक्षा ती स्वस्त आहे, आणि ग्राहकाकडच्या दोन्ही माणसांना जिथे सोयीचं तिथेच गाठते.

दर आणि लिटर: भांडणं इथेच होतात

कोणताही पर्याय घ्या, हे दोन आकडे चुकीच्या जागेवरून आले तर सगळं वाया जातं.

16 जून 2017 पासून देशभर डिझेलचा दर रोज सकाळी 6 वाजता बदलू शकतो. ऑर्डर काल रात्री 10 ला आली, डिझेल आज सकाळी 8 ला उतरलं, तर बिल कोणत्या दराने? तुम्ही काय ठरवलंय ते ग्राहकाला ऑर्डर देतानाच दिसलं पाहिजे. डिलिव्हरीच्या वेळचा दर लागणार असेल, तर ॲपवर 'अंदाजे रक्कम' असंच लिहायचं आणि अंतिम रक्कम चलन झाल्यावरच दाखवायची. दर हाताने भरायची जागा ठेवूच नका. एके सकाळी भरायचा राहिला की दिवसभराची चलनं दुरुस्त करत बसावं लागतं. त्यातच डिझेल अजून जीएसटीबाहेर आहे, त्यावर व्हॅट लागतो. पोहोचवण्याचं शुल्क वेगळं लावत असाल तर ते बिलात कसं दाखवायचं, हे जोडणी करण्याआधी सीएकडून ठरवून घ्या. नंतर बदलायचं म्हटलं की टॅली, पोर्टल आणि ग्राहकाची प्रणाली, तिन्हीकडे हात घालावा लागतो.

आता लिटर. चलनावरचा आकडा बाऊजरच्या मीटरमधूनच आला पाहिजे, ड्रायव्हरने टाइप केलेला चालणार नाही. तरीही वाद होतो, कारण ग्राहक डिपस्टिक लावून बघतो आणि त्याला कमी दिसतं. डिझेल उन्हाने फुगतं: 1,000 लिटरमागे 10 अंश सेल्सिअसच्या फरकाने साधारण 8 लिटरचा फरक पडतो. मेमधल्या दुपारी टाकीत गेलेलं डिझेल पहाटे मोजलं तर कमीच भरणार. पोर्टलवर नुसते '1,000 लिटर' दाखवण्यापेक्षा भरण्याआधीचं आणि नंतरचं टोटलायझर रीडिंग (मीटरवरची आजवरच्या एकूण लिटरची नोंद), वेळ आणि मीटर पडताळणीची तारीख एकत्र दाखवा. ज्या ग्राहकाकडे आम्ही हे सुरू केलं, तिथले महिनाअखेरचे फोन जवळजवळ थांबले.

ऑर्डरच्या पानावर आणखी एक कुंपण हवं. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार एका जागी 2,500 लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येतं, आणि त्यातलं कोणतंही पिंप किंवा टाकी 1,000 लिटरपेक्षा मोठी असता कामा नये. प्रत्येक साइटची क्षमता आणि परवाना आधीच नोंदवून ठेवला, तर त्याहून जास्तीची ऑर्डर घेतलीच जाणार नाही. हे काम फोनवरच्या माणसाच्या आठवणीवर सोडू नका.

सुरुवात कशी करावी

एकच ग्राहक निवडा, शक्यतो तीन-चार साइट असलेला आणि तुमच्याशी मोकळेपणाने बोलणारा. एक महिना कागदी चलन आणि नवी जोडणी दोन्ही चालवा. दर संध्याकाळी तीन आकडे समोरासमोर ठेवा: मीटरचे लिटर, पोर्टलवरचे लिटर, टॅलीतले लिटर. चलन क्रमांक तिन्हीकडे तोच हवा. तो बदलत असेल तर पुढे काहीच जुळणार नाही. फरक सापडला की त्याच दिवशी कारण शोधा, कारण महिनाअखेरीस त्या फेरीवर कोण ड्रायव्हर होता हेही कोणाला आठवत नाही. सलग पंधरा दिवस फरक शून्य आला, की दुसरा ग्राहक जोडा.