साहसी उपक्रमांची पदवी आणि मालवणचे सागरी सत्र: एका माजी विद्यार्थिनीचा अभिप्राय

यंदा बारावीचा निकाल लागल्यापासून कणकवलीतील ओळखीच्या तीन घरांतून मला एकच प्रश्न आला आहे: साहसी उपक्रमांच्या पदवीत मुले नेमके काय शिकतात, आणि त्यासाठी तीन वर्षे द्यावीत का? मी हा अभ्यासक्रम गेल्या वर्षी पूर्ण केला. महाविद्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण माझी एक लेखी तक्रार अजून विभागाकडे प्रलंबित आहे आणि तिचा निकाल लागण्यापूर्वी नाव घेणे मला योग्य वाटत नाही.

पहिली दोन वर्षे मुख्यतः सह्याद्रीत जातात. गाठी, दोर, रॅपलिंग (दोराने कडा उतरणे), नकाशावाचन, प्रथमोपचार हे सारे व्यवस्थित शिकवले जाते. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर तीस वेळा दाब आणि दोन वेळा श्वास हा क्रम पुतळ्यावर इतका घोटून घेतात, की झोपेतून उठवले तरी हात आपोआप योग्य जागी पडतात. पावसाळ्यात समुद्रातील सराव बंद असतो. त्या महिन्यांत जोखमीचे मूल्यमापन, शरीरशास्त्र आणि राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणातील नोंदणीचे व सुरक्षेचे नियम वर्गात शिकवतात. हे तास रटाळ वाटतात, पण पुढे स्वतःचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्याने ते बुडवू नयेत.

माझ्या मते या पदवीचा खरा कस शेवटच्या वर्षाच्या सागरी सत्रात लागतो. आमचा मुक्काम मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात होता. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मध्ये माडांची अरुंद पट्टी, अशी ती जागा आहे. शांत पाण्यावर वल्हे मारण्यास शिकावे, पुढे खाडीच्या तोंडाशी जावे आणि अखेरीस खुल्या समुद्रात उतरावे, हा क्रम तेथे काही किलोमीटरच्या आत साधतो. शिकण्यासाठी यापेक्षा चांगली जागा मी कोकणात पाहिलेली नाही.

आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात भरती-ओहोटीचे तक्ते बाजूला ठेवायला लावले आणि वर्गात एका वयस्क तांडेलकाकांना (तांडेल म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख) बोलावले. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोकणात घरोघरी ठाऊक असलेला हिशोब त्यांनी फळ्यावर न लिहिता बोटांवर मांडला. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. यात थोडाफार फरक पडू शकतो, म्हणून तक्ता पुढे लागतोच. पण तक्ता हाताशी नसतानाही पाण्याचे भान सुटू नये, यासाठी हा पाया पक्का करून घेतला गेला. सहा तासांच्या ओहोटीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून सुमारे निम्मे पाणी उतरते, हे त्यानंतर सरांनी शिकवले, आणि ते किती उपयोगाचे आहे हे मला माघी पौर्णिमेला समजले.

त्या दिवशी पाच जणांच्या गटाचे नेतृत्व माझ्याकडे होते. जेवण करून दीड वाजता कयाकमधून (वल्ह्याच्या लहान, अरुंद होडीतून) खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत यावयाचे होते. पाणी सव्वाअकराला भरून ओसरू लागले होते, म्हणजे आम्ही निघणार तीच ओहोटीच्या जोराची वेळ होती, आणि तीही उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीची. सकाळचे जमिनीकडून वाहणारे मतलई वारे केव्हाच पडले होते आणि समुद्राकडून खारे वारे भरून आले होते. बाहेर धावणारे पाणी आणि आत येणारा वारा समोरासमोर आले, की लाटा उंच आणि आखूड होतात. तोंडाशी त्या पांढऱ्या होऊन फुटताना किनाऱ्यावरून दिसत होत्या. जाळे दुरुस्त करीत बसलेले तांडेलकाका मान वर न करता म्हणाले, “आज तोंडार जाव नको गो, वारो भरलो हा.” मी सरांकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत, कारण निर्णय माझा होता. मी गट थांबवला आणि नदीच्या आतल्या अंगाला, कांदळवनाच्या आडोशाने फिरून येण्याचे ठरवले. इतका जबाबदारीचा निर्णय विद्यार्थ्याच्या हाती देणारे आणि तो घेऊ देणारे शिक्षण मला अन्यत्र मिळाले नसते, आणि त्याबद्दल मी सरांची व काकांची कायमची ऋणी आहे.

साहित्याबाबत मात्र समाधान नाही. लाइफ जॅकेट घालून बकले आवळल्यावर कोणीतरी खांद्यांचे पट्टे वर ओढून पाहावेत. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले तर ते त्या माणसासाठी निरुपयोगी आहे. आमच्या तुकडीतील सहाही मुलींच्या बाबतीत ते सरकत होते, कारण लहान मापाची जॅकेटे दोनच होती आणि ती आम्ही आळीपाळीने वापरत होतो. सराव संपल्यावर साहित्य गोड्या पाण्याने धुण्याची शिस्त चोख होती, तरी जुन्या बकलांत मीठ धरलेले असे. निवास साधा पण स्वच्छ होता. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला खारा बांगडा मिळत असे. शाकाहारी मुलांचे हाल होत असत.

माझी तक्रार मूल्यमापनाविषयी आहे. पदवीसाठी सरावाची नोंदवही भरावी लागते आणि तिच्यात खुल्या पाण्यातील तास मोजले जातात. माघी पौर्णिमेचा आमचा दिवस तिच्यात “आतील पाणी” म्हणून निम्म्या मोलाचा धरला गेला. पुढच्या महिन्यात तास भरून काढण्यासाठी दोन मुलांनी तशाच वाऱ्यात तोंडाशी जाण्याचा हट्ट धरला, तेव्हा मला खरी भीती वाटली. थांबण्याचे शिक्षण द्यावयाचे आणि गुण जाण्याला द्यावयाचे, ही विसंगती कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

एवढे असूनही समुद्राची ओढ असणाऱ्या मुलामुलींनी प्रवेश घ्यावा, असेच मी त्या तिन्ही घरांना सांगितले आहे. प्रवेशापूर्वी मात्र साहित्याची खोली उघडून दाखवायला सांगावे आणि आपल्या मापाचे जॅकेट अंगात घालून पाहावे. नोंदवहीत “न जाण्याचा निर्णय व त्याची कारणे” असा एक रकाना वाढवून त्याला पूर्ण तासांचे मोल द्यावे, असे मी विभागाला लेखी कळवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही, परंतु आमचे सर यंदाच्या तुकडीकडून तो रकाना पेन्सिलने आखून भरून घेत आहेत.