अंडी मुरवायची कशात? व्हिनेगरात की तेल-मसाल्यात?

भाचा पुण्यात वाकडला दोन मित्रांबरोबर राहतो. परवा त्याचा फोन आला, "मावशी, अंड्याचं लोणचं कसं करतेस?" मी आधी त्यालाच विचारलं, "किती दिवस पुरवायचंय? आणि फ्रिजमध्ये जागा किती आहे?" त्याला वाटलं मी टाळतेय. पण अंड्याच्या लोणच्याचं सगळं या दोन उत्तरांवर ठरतं. कारण एका नावाखाली दोन अगदी वेगळे पदार्थ आहेत, आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावले तर अंडी फुकट जातात. कधी त्याहून वाईटही होतं.

पहिला प्रकार व्हिनेगरातल्या अंड्यांचा. इंग्लंडच्या पबमध्ये आणि फिश-अँड-चिप्सच्या दुकानांत काउंटरवर मोठ्या काचेच्या बरणीत असतात ती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाकडे त्यातच बीट घालतात, मग अंडं गुलाबी होतं. दुसरा प्रकार आपल्या ओळखीचा: आंध्र-केरळकडे मटण-माशांसारखं अंड्याचंही तेलातलं लोणचं घालतात, आणि आपण तेच मोहरीची डाळ, मेथी, हिंग घालून आपल्या चवीवर आणतो.

चवीचं आधी सांगते. व्हिनेगरातलं अंडं घट्ट होतं, पांढरा भाग जवळजवळ रबरासारखा. आंबटपणा पहिल्या घासालाच नाकात जातो. तीन आठवडे मुरलं की पिवळ्यापर्यंत आंबट-खारट चव पोचते आणि पिवळं भुसभुशीत होतं. भाकरीबरोबर ते मला तरी जात नाही. पातळ चकत्या करून कांदा-काकडीबरोबर, सँडविचमध्ये, किंवा बटाट्याच्या सॅलडमध्ये उत्तम. तेलातलं मात्र थेट जेवणातलं. वरण-भात, दहीभात, ज्वारीची भाकरी, कशाबरोबरही. ज्या दिवशी भाजी करायचा कंटाळा येतो त्या दिवशी दोन फोडी आणि खाली साचलेला मसाला पुरतो. चवीवरच निवड करायची असेल तर माझं मत तेलातल्याला.

पण टिकण्याचा प्रश्न आला की पारडं पूर्ण फिरतं, आणि लोक नेमके इथेच फसतात. मीही फसले. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये बारा अंड्यांचं तेलातलं लोणचं घातलं आणि चिनी मातीच्या बरणीत, फडकं बांधून, कैरीच्या लोणच्याशेजारी फळीवर ठेवलं. वर बोटभर तेल होतं, मीठ व्यवस्थित होतं, हात कोरडा होता. चौथ्या दिवशी तेलाच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले आणि झाकण उघडताच वास आला. सगळी बरणी टाकून दिली. आई-आजीने शिकवलेलं एकही काम चुकलं नव्हतं. चूक पदार्थात होती.

कैरी मुळात आंबट असते. लोणचं टिकतं ते त्या आंबटपणावर आणि मिठावर. वरचं तेल फक्त हवा तोडतं, बुरशी येऊ देत नाही. अंड्यात आंबटपणा नाहीच. पिवळ्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ६.८ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाण्यासारखा. बॉट्युलिझम म्हणजे अन्नातल्या जंतूंच्या विषाने होणारा, जिवावर बेतू शकणारा आजार; त्याचे जंतू पीएच ४.६ च्या वर वाढू शकतात, आणि त्यांना हवा नसलेली जागा लागते. तेलात बुडालेलं उकडलेलं अंडं ही नेमकी तशी जागा. अंडं उकडल्याने त्या जंतूंचे बीजाणू (ज्यांतून जंतू पुन्हा वाढतात ती त्यांची टणक रूपं) मरत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

व्हिनेगर असलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. १९९७ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यात एका माणसाला घरी मुरवलेल्या अंड्यांतून बॉट्युलिझम झाला. स्नायू लुळे पडले, श्वासासाठी यंत्र लावावं लागलं. त्याच्या बरणीतल्या पाण्याचा पीएच ३.५ होता, म्हणजे पुरेसा आंबट. पण मसाला आत जावा म्हणून अंड्यांना टूथपिकने भोकं पाडली होती आणि बरणी खोलीच्या तापमानाला, अधूनमधून ऊन लागेल अशी ठेवली होती. विष सापडलं ते मुख्यतः पिवळ्यात, जिथे व्हिनेगर अजून पोचलं नव्हतं. म्हणून अंड्याला टोचायचं नाही, आणि बरणी पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये. आपल्याकडे रस्साभाजीच्या अंड्यांना सुरीने चिरा देतात, ती सवय इथे चालणार नाही.

फ्रिजमध्ये ठेवलं तर व्हिनेगरातली अंडी तीन-चार महिने चांगली राहतात. तेलातलं मी आठवड्यात संपवते, तेही लिंबाचा रस सढळ हाताने घालून. कोणी महिनाभर टिकतं म्हणालं तरी माझा धीर होत नाही. दोन्ही प्रकार फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नकोत. म्हणजे सकाळी डब्यात भरून दुपारी एकला खायचं असेल तर ऑफिसला पोचल्यावर डबा तिथल्या फ्रिजमध्ये गेला पाहिजे. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी बराच वेळ वीज जाते, त्या दिवशी फ्रिजचं दार उगाच उघडू नका, आणि बरणी दाराच्या कप्प्यात न ठेवता आत, मागे ठेवा.

आता मेहनत. तेलातलं आज केलं की उद्या खाता येतं. आठ अंडी उकडून सोलायची, फडक्यावर पूर्ण कोरडी करायची, आणि तेलात हलक्या हाताने परतायची. पांढऱ्यावर बारीक फोड येऊन ते सुरकुतलं, सोनेरी झालं की बाहेर काढायची. त्या सुरकुत्यांतच मसाला धरतो. गुळगुळीत अंड्यावरून तो घसरतो आणि बरणीच्या तळाशी जातो. त्याच तेलात आलं-लसणाचं वाटण पाणी पूर्ण आटेपर्यंत परतायचं. इथे घाई केली तर लोणचं दोन दिवसांतच आंबूस वास मारतं. गॅस बंद करून, तेल कोमट झालं की मोहरीची डाळ, थोडी मेथीपूड, हिंग, हळद, बेडगी तिखट, मीठ. कडकडीत तेलात मोहरीची डाळ घातली तर कडू होते. शेवटी तीन-चार लिंबांचा रस.

व्हिनेगराचं काम त्याहून सोपं, पण वाट बघायला लावणारं. आठ-दहा अंड्यांना अर्धा लिटरभर व्हिनेगर, दोन चमचे मीठ, दोन-तीन चमचे साखर, मिरे, लवंग, दालचिनी, मोहरी, ठेचलेला लसूण. पाच मिनिटं उकळायचं, उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बरणीत सोललेल्या अंड्यांवर गरमच ओतायचं. अंडी पूर्ण बुडाली पाहिजेत. मग दोन ते चार आठवडे हात लावायचा नाही. अंडी लहान असतील तर एक-दोन आठवड्यांत मुरतात, म्हणून गावरान अंडी इथे शोभतात.

व्हिनेगर घेताना बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा. परदेशी पाककृती ५ टक्के आम्लाचं व्हिनेगर धरून लिहिलेल्या असतात आणि त्यात पाणी मिसळायला सांगतात. आपल्या किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर बहुतेक वेळा ४ टक्क्यांचं असतं. त्यात पाण्याचा थेंबही घालू नका. पुण्याच्या कॅम्पात पारशी घरांत लागणारा उसाचा सरका (उसाच्या रसाचं व्हिनेगर) मिळतो. त्याने चव गोलसर येते, रंग तपकिरी होतो, पैसे जास्त पडतात. पहिल्या खेपेला साधंच घ्या. झाकण उघड्या पत्र्याचं नको, आम्लाने गंजतं.

अंडी मात्र दोन्हींसाठी जरा जुनी हवीत. पुणे अंड्यांच्या बाबतीत भाग्यवान, आसपास पोल्ट्री भरपूर आणि एनईसीसी (अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती) रोजचा दर पुण्यासाठी वेगळा जाहीर करते, त्यामुळे अगदी ताजा ट्रे सहज मिळतो. पण ताजं अंडं सोलताना पांढरं सालीबरोबर निघून येतं. ट्रे आणून सात-आठ दिवस फ्रिजमध्ये ठेवला की पांढऱ्यातला कार्बन डायऑक्साइड हळूहळू निघून जातो आणि साल सुटी होते. तेलातल्या लोणच्यात थोडं खरवडलेलं अंडं मसाल्याखाली झाकून जातं. काचेच्या बरणीत ते दिसतं, आणि फाटलेलं अंडं व्हिनेगर गढूळ करतं, म्हणून तसं अंडं मी भुर्जीला वळवते.

सोया सॉसमध्ये भिजवलेली जपानी पद्धतीची अंडीही हल्ली बरेच जण करतात. चव छान, एका रात्रीत होतात, पण ते लोणचं नव्हे. तीन-चार दिवसांत संपवायची.

भाच्याला मी तेलातलं सांगितलं. खाणारे तिघे, आठ अंडी चार दिवसांत संपतील, मुरेपर्यंत थांबण्याइतका धीर त्यांच्यात नाही आणि तिघांत एकच फ्रिज. तुम्ही एकटे राहत असाल, आठवड्याला एखादंच अंडं लागत असेल, तर बेलाशक व्हिनेगर. घरात लहान मुलं असतील तर तेलातलं, तिखट कमी करून. व्हिनेगरातलं अंडं बहुतेक मुलं एक घास खाऊन परत देतात. रक्तदाबाचं पथ्य असलेल्यांनी दोन्ही जपूनच खावं, मीठ दोन्हीकडे भरपूर आहे.

आणि श्रावण पाळत असाल तर हिशोब आधीच करा. तेलातलं शेवटचं लोणचं आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात घालायचं आणि गटारीपर्यंत बरणी रिकामी करायची. व्हिनेगराची बरणी आमच्याकडे अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी भरली जाते. पितृपक्ष आणि नवरात्रात तसंही कोणी अंडं खात नाही, ती फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात मुरत राहते, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उघडली की जवळजवळ चार आठवडे झालेले असतात.