'बनगरवाडी' आणि 'स्मृतिचित्रे'
नुकतीच लागोपाठ वाचलेली ही कादंबरी आणि हे आत्मचरित्र मला फार वेगळ्या रीतीने भिडले. १९५५ मधल्या 'बनगरवाडी'त व्यंकटेश माडगूळकर धनगरवस्तीत आलेल्या तरुण मास्तराच्या नजरेने माणसे दाखवतात आणि दुष्काळात वाडी ओस पडते तेव्हाही भाषेचा तोल सुटू देत नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मात्र अधिक काळ मनात घोळत राहिली. मीठसुद्धा धुऊन घेणारे वडिलांचे सोवळे त्या मिस्कीलपणे सांगतात. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूटही त्या मनमोकळेपणाने उलगडतात. बांधणी कादंबरीचीच रेखीव आहे. तरीही मी पुन्हा हाती घेईन ते आत्मचरित्र, कारण सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईने ते हळूहळू कसे सोडले, हे तिथे तिच्याच तोंडून ऐकायला मिळते.