जँगोचा ओआरएम : केळीच्या हिशेबात दोन वर्षे

रावेर तालुक्यातील एका केळी व्यापाऱ्यासाठी हिशेबाची प्रणाली लिहिताना जँगो या पायथन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कच्या ओआरएमशी, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदी पायथनच्या कोडमधून हाताळू देणाऱ्या भागाशी, दोन वर्षे माझा रोजचा संबंध आला. २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले हे फ्रेमवर्क मुळात अमेरिकेतील कॅन्ससमधल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडले. रोजच्या रोज नोंदी भरून त्या लगेच मांडून दाखवण्याच्या कामात ते आजही तरबेज आहे.

शेतकरी, खेप आणि उचल अशी तीन मॉडेल, म्हणजे डेटाबेसमधल्या तक्त्यांची कोडमधली रूपे, लिहिली. सावद्याच्या शेतकऱ्यांच्या आठवड्याभरातील खेपा हव्या असतील, तर फिल्टरमध्ये दोन अंडरस्कोर देऊन खेपेवरून थेट शेतकऱ्याच्या गावापर्यंत पोहोचता येते. क्वेरीसेट, म्हणजे ओआरएमकडे मागितलेल्या नोंदींचा संच, आळशी आहे आणि तो त्याचा गुणच म्हणायला हवा, कारण फिल्टरवर फिल्टर चढवले तरी नोंदी प्रत्यक्ष लागेपर्यंत तो डेटाबेसकडे फिरकत नाही. मात्र ३०० खेपांच्या यादीत प्रत्येकीपुढे शेतकऱ्याचे नाव छापायला गेलो, तेव्हा यादीची एक आणि नावागणिक एक अशा ३०१ क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या विचारणा, झाल्या. संबंधित नोंदी सोबतच आणणारे सिलेक्ट रिलेटेड जोडल्यावर जॉइन होऊन, म्हणजे दोन्ही तक्ते एकत्र जुळून, एकच उरली.

माझी खरी तक्रार बेरजेची आहे. एका शेतकऱ्याच्या १५ क्विंटलच्या तीन खेपा होत्या आणि त्याने पाच हजारांच्या दोन उचली घेतल्या होत्या. दोन्ही बेरजा प्रत्येक शेतकऱ्याच्या नोंदीला हिशेब जोडणाऱ्या एकाच अ‍ॅनोटेटमध्ये मागितल्या, तर वजन ४५ ऐवजी ९० क्विंटल आणि उचल दहाऐवजी तीस हजार आली. जॉइनमध्ये प्रत्येक खेप प्रत्येक उचलीशी जुळून सहा ओळी होतात, म्हणून हे घडते. डिस्टिंक्ट लावून पाहिले, तर तिन्ही सारख्या खेपा एकच धरून वजन १५ वर आले! जँगोच्या दस्तऐवजात याची सूचना आहे, हे मान्य. पण कोड चालताना एरर तर सोडाच, साधा इशाराही मिळत नाही. मुनीमजींनी आकडे वहीशी ताडून पाहिले, म्हणून पट्टी शेतकऱ्याच्या हाती जाण्याआधी चूक सापडली. सबक्वेरी आणि आउटररेफ वापरून, म्हणजे प्रत्येक बेरीज वेगळ्या आतल्या क्वेरीत करून, हिशेब बरोबर येतो, परंतु तो कोड वाचायला एसक्यूएल या डेटाबेसच्या साध्या भाषेपेक्षाही जड जातो.

त्यामुळे वर्षअखेरचा ताळेबंद मी सरळ एसक्यूएलमध्ये लिहिला आणि रोजच्या नोंदींसाठी ओआरएम ठेवला. पाचपैकी चार तारे. पाचवा त्या तिप्पट झालेल्या उचलीत वळता केला.