हायक्रॉस हायब्रिड की क्रिस्टा डिझेल?

टोयोटाची इनोव्हाच घ्यायची हे घरात ठरलेलं असतं, घोळ पुढे होतो. नाव एक असलं तरी क्रिस्टा चासीवरची, मागच्या चाकांवर चालणारी डिझेल मॅन्युअल, तर हायक्रॉस मोनोकॉक (म्हणजे वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा), पुढच्या चाकांवर चालणारी पेट्रोल हायब्रिड.

हायब्रिडच्या मायलेजचा कंपनीचा लिटरला २३.२४ किलोमीटरचा आकडा बाजूला ठेवा. हायब्रिड शहरात १६-१७ देते आणि एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाला त्याहून थोडं कमीच. ब्रेक लावताना जी ऊर्जा बॅटरीत परत मिळते, ती पुण्यातल्या सिंहगड रोडच्या गर्दीतच मिळते. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकच लागत नाही. क्रिस्टाचं उलट: शहरात १०-११, हायवेला १३-१४. त्यामुळे चाल मुख्यतः हायवेची असेल, तर हायब्रिडचे जास्तीचे पैसे वसूल व्हायला बराच काळ जाईल.

पण माझ्यापुरता निकाल मायलेजने नाही, डीपीएफने लावला. डिझेल क्रिस्टाच्या सायलेन्सरच्या वाटेतली ही जाळी काजळी साठवते आणि तापली की जाळते. शाळा, मंडई, क्लास अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तापतच नाही. मग गाडी जादा डिझेल सोडून ती तापवू पाहते, आयडलिंग वाढतं, पंखा जोरात फिरतो, आणि नेमकं तेव्हाच आपण पार्किंगमध्ये चावी फिरवतो. असं वारंवार झालं की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वर चढलेली दिसली, तर खूश होऊ नका, ऑइल बदला. डीपीएफचा दिवा लागला की १५-२० मिनिटं साठच्या पुढे, एका वेगात चालवायची. पुण्यात संध्याकाळी सात वाजता कुठे चालवणार?

हायब्रिडही अगदी निर्दोष नाही. भरल्या गाडीत घाट चढताना इंजिन एका सुरात ओरडतं. आंबेनळीसारख्या लांब उतारावर बॅटरी भरली की पुढे काही साठवता येत नाही, म्हणून इंजिनच ब्रेकसारखं फिरवलं जातं. आवाज चढतो, बिघाड नसतो. महिनाभर उभी राहिली तर मोठी नव्हे, १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरते आणि डॅशबोर्डवर ‘रेडी’ येत नाही. जम्प स्टार्ट द्या, ढकलून काही होणार नाही. मोठ्या बॅटरीला केबिनमधूनच थंड हवा मिळते, तेव्हा त्या हवेच्या वाटेवरची जाळी सर्व्हिसिंगला साफ करून घ्या, सामानाने झाकू नका.

कोकणात घरापर्यंत तांबड्या मातीची खडी चढण असेल, तर मात्र क्रिस्टाच घ्यावी. सात माणसं बसल्यावर वजन मागे जातं आणि पावसात हायक्रॉसची पुढची चाकं जागेवर फिरतात.

बाकी लोकांना सहसा हायब्रिडच सुचवेन. २० लाखांवरच्या खासगी डिझेल गाडीला महाराष्ट्रात १५ टक्के कर, पेट्रोलला १३. हायब्रिड पेट्रोलमध्येच धरली जाते. वेटिंग फार सांगितलं, तर मारुतीची इन्व्हिक्टो बघा. तीही टोयोटाच्या बिडदीच्याच कारखान्यातली आहे, मधल्या सीटला पाय टेकवायची सोय मात्र नाही.